रक्तातला पहारा



आम्ही डॉक्टर नव्हे. शाळा सातवीत सुटली; पुढचे शिक्षण हमालांच्या सभांत आणि वाचनालयात झाले. तरी आज रक्ताविषयी बोलायला उभे आहोत, त्याला कारण धाराशिवच्या आमच्याच वस्तीत घडले.

एका वृद्ध हमालाच्या पाच वर्षांच्या नातवाला ताप उतरल्यावर अंगभर काळेनिळे डाग उठले. बापाने मारले, असा शेजाऱ्यांनी बोभाटा केला. सोलापूरला रक्त तपासले, तेव्हा प्लेटलेट, म्हणजे डेंग्यूच्या साथीत आपण ज्यांना नुसते ‘पेशी’ म्हणतो त्या, दीड लाखाच्या वर असायच्या, त्या वीस हजारांवर आलेल्या. रक्तस्राव नव्हता, म्हणून डॉक्टरांनी केवळ लक्ष ठेवले. दोन महिन्यांत पोर हुंदडू लागले.

पुढल्या वर्षी आजोबांच्याच नडग्यांवर लाल ठिपके आले. वय चौसष्ट. आम्हीच म्हणालो, “आबा, वयोमानाने होते.” हिरड्यांतून रक्त येईपर्यंत कोणी हलले नाही. आकडा तोच, रोगही तोच. पण दोन वर्षे झाली, औषध सुटलेले नाही.

या रोगात शरीराचा पहारेकरी स्वतःच्याच पेशींवर शिक्का मारतो आणि प्लीहा त्या मोडीत काढते. अमेरिकेतील डॉ. हॅरिंग्टन यांनी १९५० साली रोग्याचे रक्त स्वतःच्या शिरेत घेतले. काही तासांत त्यांच्याही पेशी घसरल्या.

आता वयाचे. छातीच्या हाडामागे थायमस नावाची ग्रंथी असते. तेथे पहारेकऱ्यांची उमेदवारी चालते; घरच्यांवर धावून जाणारे बहुतेक तेथेच कामावरून कमी होतात. बालपणी ही ग्रंथी भरात असते, पुढे तिची चरबी होते, नवी भरती रोडावते. शास्त्रज्ञ यात एक कारण पाहतात. मुलांतील गोंधळ बहुधा तापासरशी उठतो आणि निवतो. दहांपैकी सुमारे आठ मुले वर्षभरात बरी होतात. मोठ्यांत तो बहुधा रेंगाळतो.

आमच्या एका सोबत्याने विचारले, म्हातारपणी प्रतिकारशक्ती घटते, मग ती अंगावर कशी उलटेल? अहो, थकलेल्या पहारेकऱ्याला चोर दिसत नाही, आणि तो घरच्यालाच धरतो! त्यातून स्टेरॉइडने साखर चढते, इतर रोगांशी झुंजण्याचे बळ आणखी घटते. उतारवयात मेंदूत रक्तस्राव होण्याचे भयही अधिक. शिवाय हमाल माणूस अंगदुखीच्या गोळ्या फुटाण्यासारख्या खातो. त्यांतल्या काही उरल्यासुरल्या पेशींचेही काम बंद पाडतात.

परवा आबा कचेरीत आले, धोतर वर करून नडग्या दाखवल्या. या वेळी आम्ही चष्मा लावून पाहिल्या.