जाणत्या प्रोग्रॅमरची नवी बाराखडी

नवशिक्याला विद्या शिकविणें सोपें असतें. जाणत्याला तीच विद्या निराळ्या रीतीनें शिकविणें कठीण. त्याच्या हाताला वळण पडलेलें असतें आणि मनाला मानाची संवय झालेली असते. संगणकाच्या आज्ञावल्या लिहिण्यांत दहा-पंधरा वर्षें घालविलेला प्रोग्रॅमर ‘फंक्शनल प्रोग्रॅमिंग’ शिकावयास बसतो, तेव्हां त्याची अवस्था नेमकी अशी होते.

त्याची पहिली विद्या ‘ऑब्जेक्ट-ओरिएंटेड’ पद्धतीची. नॉर्वेंतील डाल आणि निगार्ड या दोघांच्या ‘सिम्युला’ भाषेंत तिचा उगम आहे; १९९५ सालीं आलेल्या ‘जावा’नें ती कचेऱ्या-कचेऱ्यांत नेली. या पद्धतींत माहिती आणि तिच्यावर करावयाच्या क्रिया यांची एकत्र मोट बांधतात. बँकेंतलें खातें हा एक ‘ऑब्जेक्ट’. त्याच्या पोटांत शिल्लकेचा आकडा. शंभर रुपये भरले कीं जुना आकडा पुसावयाचा आणि नवा मांडावयाचा.

फंक्शनल पद्धतीला हें पुसणेंच मान्य नाहीं. पेढीवरचा चांगला दिवाणजी रोजकीर्दींत खाडाखोड करीत नसे. चूक झाली तर उलट नोंद घालून ती दुरुस्त करी, आणि शिल्लक हवी असेल तेव्हां नोंदींवरून काढी. येथेंहि तसेंच. नोंदींची यादी अचल. शिल्लक हें त्या यादीचें फलन. तीच यादी कितीहि वेळां दिली तरी उत्तर तेंच.

शाळेंतल्या मुलाला ‘क्ष = क्ष + १’ असें समीकरण दाखविलें तर तो तें चूक ठरवील. प्रोग्रॅमर मात्र पहिल्याच धड्यांत तसें लिहावयास शिकतो आणि त्यांतला विचित्रपणा लौकरच विसरतो. आतां त्याला पुन्हां शाळेंतल्या बीजगणिताकडे यावयाचें असतें. १९९० सालीं जाहीर झालेल्या ‘हॅस्केल’सारख्या शुद्ध फंक्शनल भाषेंत ओळखीचे फेरेहि नसतात, फलनानें स्वतःलाच पुन्हां बोलवावें, अथवा सबंध यादीला एकच क्रिया लावावी. पांच मिनिटांच्या कामाला सारी दुपार जाते. शेजारचा नवखा मुलगा पुढें निघून जातो, आणि आपली पंधरा वर्षें फुकट गेलीं कीं काय, ही शंका मनाला पोखरते. मग तो नव्या भाषेंत जुनीच पद्धत चालवूं पाहतो. पण मोडींतला मजकूर बाळबोधींत उतरविला म्हणून मजकूर बदलत नाहीं.

अशा वेळीं जॉन बॅकस यांचें स्मरण उपयोगी पडतें. १९५७ सालीं आयबीएमनें ‘फोर्ट्रान’ भाषा प्रसिद्ध केली, तिच्या मंडळीचे हे प्रमुख. १९७७ चें ट्युरिंग पारितोषिक त्यांना मिळालें तें मुख्यतः या कामगिरीबद्दल. परंतु त्या प्रसंगींच्या व्याख्यानांत त्यांनीं आपल्याच परंपरेंतील दोष दाखविले आणि फलनांवर उभारलेली निराळी पद्धत पुढें मांडली! ज्या कामानें कीर्ति दिली त्याचीच चिकित्सा करण्यांत त्यांना कमीपणा वाटला नाहीं.

या श्रमाचें फळ कोणतें? आजच्या संगणकाच्या एकाच चिपवर अनेक गाभे एकाच वेळीं काम करतात. दोन कारकून एकाच पाटीवर पुसूं-लिहूं लागले तर हिशेबाचा घोळ होणारच. पुसावयाचें नसेल तर घोळाचें एक मोठें कारण नाहींसें होतें. अर्थात् पडद्यावर छापणें, फाईल लिहिणें हीं कामें कोणत्याहि आज्ञावलीला चुकत नाहींत. फंक्शनल पद्धत त्यांना कडेला ठेवते, आणि मधला हिशेब स्वच्छ राखते.

जुनी विद्याहि वायां जात नाहीं. कामाची वांटणी कशी करावी, बदल कोठें संभवतो, नांव कोणतें द्यावें, ही जाण पुढेंहि कामीं येतेच. खुद्द जावानें २०१४ सालीं फंक्शनल पद्धतीचा ‘लॅम्डा’ आपल्या घरांत घेतला. तेव्हां जाणत्यानें आपलीच एखादी लहान, चालू आज्ञावली घ्यावी, एकहि आकडा न पुसतां ती पुन्हां लिहावी, आणि अडेल तेथें त्या नवख्या मुलाला नि:संकोच विचारावें. पंधरा वर्षांच्या अनुभवाला त्यानें उणेपणा येत नाहीं.