परक्या हातचें पान



पत्त्यांच्या खेळाविषयीं एका निवृत्त शाळामास्तरानें बोलावें, याचें आपणांपैकीं कित्येकांस नवल वाटेल. परंतु आमच्या गोंदिया जिल्ह्यांत दिवाळीनंतर मंडया भरूं लागल्या आणि धान घरांत आलें, कीं ओसरीवर पत्त्यांचा डाव हटकून पडतो. तरुण मंडळी आतां हाच शौक मोबाईलच्या पडद्यावर पुरवितात. तेव्हां पुष्कळ पालक काळजीनें विचारतात, "मुलगा म्हणे दुसऱ्याचीं पानें चोरण्याचा डाव खेळतो, ही चोरीची शिकवण नव्हे काय?" प्रश्न रास्त आहे, त्याचा विचार करूं.

हार्थस्टोन या नांवाचा खेळ ब्लिझार्ड कंपनीनें 2014 सालीं प्रसिद्ध केला. दोन खेळाडू समोरासमोर येतात; प्रत्येकाचा जोड तीस पानांचा असतो व तो ज्याचा त्यानें आपल्या संग्रहांतून निवडावयाचा असतो. त्यांत 'थॉटस्टील' नांवाचें एक पान आहे. तें टाकलें असतां प्रतिपक्षाच्या गड्डींतील दोन पानांच्या प्रती आपल्या हातीं येतात. प्रतिपक्षाचें मूळ पान मात्र त्याच्याजवळच राहतें. 'माइंड कंट्रोल' हें पान याहून कठोर. तें समोरच्याचा पटावरील शिपाईच आपल्या बाजूस ओढून घेतें. अशीं पानें जमवून रचलेल्या जोडास खेळणारे चोराचा जोड म्हणतात.

हा प्रकार आपणांस मुळींच नवा नाहीं. आपला तीन-दोन-पांच आठवून पाहा. खेळणारे तिघे, पानें तीस. अठ्ठ्यापासून एक्क्यापर्यंत चारी रंगांचीं अठ्ठावीस आणि दोन सत्त्या. प्रत्येकाच्या वांट्यास दहा. वांटणाऱ्यानें दोन हात करावे, हुकूम बोलणाऱ्यानें पांच, उरलेल्यानें तीन. ज्याचे हात ठरल्याहून अधिक झाले, तो पुढील डावांत ज्याचे कमी पडले त्याच्या हातांतून तितकीं पानें न पाहतां ओढतो आणि आपणांस नकोत तीं परत देतो. घरोघरचे नियम थोडे निराळे असतात. पण ओढाओढीची मौज सर्वत्र एकच.

आतां हा डाव चांगला कसा खेळावा? नवशिका समजतो कीं एक्का ओढला म्हणजे जिंकलें. जाणता मनुष्य ओढलेल्या पानापेक्षां परत द्यावयाच्या पानाचा अधिक विचार करतो. एकाद्या रंगाचें एकुलतें एक पान त्यानें देऊन टाकलें, तर त्या रंगाची उतारी होतांच त्याला हुकमानें कापतां येतें. शिवाय कोणतें पान गेलें आणि कोणतें आलें, हें त्या दोघांसच ठाऊक असतें. तिसरा अंधारांत राहतो. म्हणजे या देवघेवींत पानाइतकीच माहितीहि हस्तांतरित होते, आणि ज्याचें पान गेलें त्यालाहि ती लाभते.

मोबाईलवरील चोराच्या जोडाचें मर्म हेंच आहे. दोन प्रती हातीं आल्या, कीं समोरच्यानें कोणता बेत रचला आहे याचा सुगावा लागतो. परंतु तीं पानें त्याच्या रचनेसाठीं निवडलेलीं असतात. आपल्या हातीं तीं बहुधा एकटीं पडतात. त्यांचा उपयोग जागच्या जागीं शोधून काढावा लागतो. म्हणून शहाणा खेळाडू तीसपैकीं थोडींच पानें चोरीचीं ठेवतो. बाकीचीं स्वतःच्या पायावर उभे राहण्यास पुरेशीं असावीं लागतात. दुसऱ्याच्या ओंजळीनें पाणी पिणाऱ्याची तहान दुसऱ्याच्या मर्जीवर अवलंबून असते, हें आपली म्हण सांगतेच.

आतां नीतीचा प्रश्न. तीन-दोन-पांचमध्यें ओढणें उघड्यावर होतें, मोजून होतें, आणि पाळी आपणांवरहि येईल हें प्रत्येकानें आधींच मान्य केलेलें असतें. कमी पडलेल्याकडूनच घ्यावयाचें, हें प्रथमदर्शनीं निष्ठुर वाटतें. धानाची सवाई फेडणाऱ्या शेतकऱ्यास तें विशेष जाणवेल. परंतु सवाई न फिटल्यास वर्षानुवर्षें वाढत जाते. येथील देणें एका डावांत फिटतें, आणि पांचाचें ओझें पाळीपाळीनें सर्वांच्या खांद्यावर येतें. सगळ्यांनीं मान्य केलेल्या नियमानें घेतलेलें पान चोरीचें होत नाहीं. शेजाऱ्याच्या हातांत वांकून पाहणें ही मात्र चोरी होय, मग एकहि पान हललें नसलें तरी.

मुलांचा गुलामचोर हेंच शिकवितो. त्यांत सगळेच शेजाऱ्याच्या हातचें पान ओढतात. त्याबद्दल कोणी कोणास चोर म्हणत नाहीं. जोडी न जुळलेला गुलाम शेवटीं ज्याच्या हातीं उरतो, तोच चोर ठरतो.

पालकांनीं काळजी करावी ती निराळ्या ठिकाणीं. या खेळांत नवीं पानें पाकिटांतून मिळतात. पाकिटांत पांच पानें असतात, आणि पाकीट फोडेपर्यंत आंत काय आहे तें कळत नाहीं. खेळून मिळविलेल्या नाण्यांनीं तें घेतां येतें, तसें खऱ्या पैशांनींहि घेतां येतें. हवें तें पान निघालें नाहीं म्हणून मुलगा दुसरें पाकीट घेतो, मग तिसरें. येथें ओढलें जातें तें बापाच्या खिशांतून, आणि ती पाळी उलट कधींच फिरत नाहीं.

तेव्हां मुलाच्या हातून मोबाईल हिसकावण्यापूर्वीं त्याच्याजवळ बसावें. कोणतें पान घेतलेंस, त्याचें काय करणार, आणि या पाकिटाचे पैसे कोणीं दिले, हे तीन प्रश्न विचारावे. पहिल्या दोहोंचीं उत्तरें तो उत्साहानें देईल. तिसऱ्यास तो अडखळला, तर ओसरीवर चटई अंथरून तीस पानें काढावीं आणि तिसरा गडी बोलावून घ्यावा. त्या डावांत हरलें तरी घरांतला पैसा घरांतच राहतो.