पोरांचे जुलाब आणि पाड्याची जागा
(गावसभेत केलेलं बोलणं)



पोराला जुलाब लागले की आपण म्हणतो, दात येताहेत. पण थंडीच्या दिवसांत आधी ओकारी, ताप, मग पाण्यागत जुलाब, हे बरेचदा रोटा विषाणूचं काम. त्याच्या जाती बऱ्याच: जी१, जी२, जी९, जी१२. म्हणून एकदा होऊन गेलेलं पोर परत पडतं, पण दुसऱ्या खेपेला बहुतेक कमी त्रास होतो. लस हेच काम करते. तोंडातून थेंब, ६, १०, १४ आठवड्यांना, फुकट. आपल्या देशातली एक लस तर दिल्लीच्या तान्ह्या बाळात सापडलेल्या विषाणूपासून केली. बाळाला जुलाबही नव्हते!

लस घेऊनही जुलाब लागले तर १ लिटर उकळून गार पाण्यात ६ सपाट चहाचे चमचे साखर, अर्धा चमचा मीठ. अंगावरचं दूध तोडू नका, आजी सांगते तरी.

पण नर्सबाईनं बसायचं कुठं? साहेब म्हणतो, जागा जंगलाची. वनहक्क कायदा २००६, कलम ३(२) वाचा: अंगणवाडी, दवाखाना, पिण्याच्या पाण्याची लाइन यांना १ हेक्टरच्या आत जागा मिळते. ग्रामसभेची शिफारस लागते. तो ठराव आज लिहू. बाया पुढं बसा, सह्या-अंगठे तुमचे आधी.