तुरुंगातील बेशिस्त

तुरुंगात मारामारी झाली, बंद्याने वॉर्डरवर हात टाकला, अशी वार्ता आली की एकच उद्गार ऐकू येतो : मुळातच गुन्हेगार ते, त्यांच्याकडून दुसरी अपेक्षा ती कोणती? हा उद्गार सर्वस्वी खोटा नाही. परंतु तो अपुरा आहे, आणि त्याच्या अपुरेपणाची साक्ष खानदेशातच मिळते.

बेशिस्त हा शब्द फार व्यापक आहे. १८९४ च्या कारागृह कायद्याच्या ४५ व्या कलमात मारहाण आणि पलायनाचा कट यांच्याच पंक्तीला कामातील आळस, आजाराचे सोंग व धमकीची भाषा ही बसविलेली आढळतात. इतक्या भिन्न वर्तनांचे कारण एकच असणे शक्य नाही.

ग्रेशॅम साइक्स या अमेरिकन पंडिताने १९५८ साली न्यू जर्सीच्या एका तुरुंगाचे वर्णन करताना बंद्याची पाच दुःखे सांगितली : स्वातंत्र्य, नित्याच्या वस्तू, स्त्रीपुरुषसहवास, स्वतःचा निर्णय आणि सुरक्षितता यांचा लोप. बेशिस्त ही या कोंडमाऱ्यातून उपजते. उलट, १९६२ साली आयर्विन व क्रेसी यांनी असे मांडले की, बंदी आपल्या सवयी व निष्ठा बाहेरूनच आणतो. पुढील अभ्यासांत कोवळे वय, पूर्वीची गुन्हेगारी व टोळीचे संबंध यांचा बेशिस्तीशी निकटचा संबंध दिसून आला. नुसत्या गर्दीचा परिणाम मात्र सर्वत्र सारखा आढळला नाही.

आता धुळ्याच्या तुरुंगाकडे वळावे. १९३२ साली येथे राजकीय बंद्यांची दाटी होती. सक्तीच्या मजुरीविषयी त्यांच्या मनात रोष होता. विनोबा भावे यांनी त्यांच्यासह दळणाचे काम स्वखुशीने पत्करले. आणि २१ फेब्रुवारीपासून १९ जूनपर्यंत दर रविवारी एक, अशी गीतेवर अठरा प्रवचने दिली. अमळनेरच्या शाळेत पूर्वी शिक्षक असलेले साने गुरुजी यांनी ती लिहून घेतली. भिंती त्याच, कोठड्या त्याच. पण दिवसाला अर्थ आला, आणि सक्तीचे ओझे कर्तव्य झाले.

हे बंदी ध्येयवादी होते, चोर-दरोडेखोर नव्हते, हा आक्षेप रास्त आहे. बाहेरून आणलेले संस्कार तेथे उपकारक ठरले, हे खरेच. परंतु रिकामा दिवस ध्येयवाद्यालाही जाचतो. मग इतरांची कथा काय?

२०२२ सालाअखेर भारतातील तुरुंगांत ४,३६,२६६ जागा असता ५,७३,२२० बंदी होते, आणि त्यांत दर चारांतील तीन कच्चे कैदी, म्हणजे ज्यांच्या खटल्याचा निकाल लागलेला नाही असे होते. शिक्षा झालेल्या बंद्याला काम असते. नीट वागल्यास माफीचे दिवस मिळतात, वाईट वागल्यास ते जातात. कच्च्या कैद्याकडून सक्तीने काम घेता येत नाही, आणि गमावण्यास त्याच्याजवळ माफीही नसते. सुटकेची तारीख ठाऊक नाही, दिवस मोकळा, सोबतीला सराईत गुन्हेगार : अशा स्थितीत पहिल्यांदाच आलेला तरुण बराकीतील दांडग्याचा आश्रय धरतो, यात नवल ते काय?

तुरुंगाची भिंतही वाटते तितकी अभेद्य नसते. जुलै २०२० मध्ये जळगावच्या कारागृहातून तिघे बंदी रक्षकाला पिस्तुलाचा धाक दाखवून निसटले. शस्त्र आत शिरते तेव्हा दोष केवळ बंद्याच्या स्वभावाचा राहत नाही, पहाऱ्याचाही असतो. म्हणून झडती कडक हवी, हे निर्विवाद. पण केवळ कडकपणाने बेशिस्त दडते, मिटत नाही.

खटल्यांचा त्वरित निकाल, नवख्यांची सराइतांपासून फारकत, हाताला काम, नातलगांची नियमित मुलाखत, आणि सर्वांना सारखा लागू होणारा नियम, ही खरी औषधे होत. तुरुंगातील बहुतेक माणसे आज ना उद्या आपल्याच गल्लीत परतणार आहेत. ती कोणती शिस्त शिकून येतात, हा प्रश्न तुरुंगाच्या भिंतीबाहेर राहणाऱ्यांचाही आहे.