सावंतवाडीची गंजिफा : छंदातून उभा राहिलेला व्यवसाय

1 मे 1981 रोजी सिंधुदुर्ग जिल्हा वेगळा होईपर्यंत सावंतवाडी रत्नागिरी जिल्ह्यात होती, आणि तेथील राजे शिवरामराजे भोसले व राणी सत्वशीलादेवी यांनी गंजिफा, म्हणजे हाताने रंगवलेले गोल पत्ते, वाचवण्याचे काम हाती घेतले ते त्याच काळात. या कलेचे जाणकार असलेले वृद्ध कलावंत पुंडलिक चितारी यांच्याकडून राजदांपत्याने ती स्वतः शिकून घेतली आणि 1970च्या दशकाच्या आरंभी ‘सावंतवाडी लॅकरवेअर्स’ हा व्यवसाय उभारला. पुढे राजवाड्याच्या दरबार हॉलमध्येच कारागीर कुंचले घेऊन बसू लागले.

दशावतारी गंजिफेत दहा अवतारांची प्रत्येकी बारा, अशी 120 पाने असतात. कागदाच्या किंवा कापडाच्या थरांना चिंचोक्याची खळ लावून पान ताठ केले जाते, त्यावर चित्र रंगवले जाते आणि शेवटी लाखेचा, म्हणजे झाडांवरील किड्यांपासून मिळणाऱ्या राळेचा, लेप चढतो. आज ‘पर्यावरणस्नेही’ म्हणून मिरवली जाणारी सामग्री येथे परंपरेनेच आलेली आहे. या खेळात हुकूम नसल्यामुळे पडलेली पाने ध्यानात ठेवण्यावरच सारी मदार राहते, आणि मनाला असा निवांत व्यायाम देणारी वस्तू आरोग्याच्या नावाने विकल्या जाणाऱ्या कित्येक वस्तूंपेक्षा अधिक प्रामाणिक म्हणावी लागेल. दिवसा ज्याच्या हाती राम असेल तो पहिली उतारी करतो, रात्री कृष्णवाला. अर्थात केवळ पत्त्यांवर कारागिरांचे पोट भरणे अवघड असल्याने लाखकाम केलेले लाकडी फर्निचर आणि शोभेच्या वस्तूही तेथे घडू लागल्या.