रुसलेला वादक परततो तेव्हा

श्रोतेहो, भजनी मंडळातला पखवाजी रुसून गेला, की पहिल्याच अभंगाला ते गावाला कळते. धर्मापुरीला कळते, तसे मुंबईलाही कळते.

'गन्स एन रोझेस' हा अमेरिकेतला रॉक संगीताचा ताफा. आपण फडच म्हणू या. त्यातला गायक ॲक्सल रोझ आणि गिटारवादक स्लॅश यांची 1996 साली फाटाफूट झाली. डिसेंबर 2012 मध्ये हा फड मुंबईत आला, तो स्लॅशवाचूनच. पुढे 2016 साली दोघे एकत्र आले, आणि 17 मे 2025 रोजी महालक्ष्मीच्या रेसकोर्सवर, उघड्या आभाळाखाली, मुंबईकरांनी त्यांना एका मंचावर ऐकले.

लोक काय म्हणाले? आवाज पूर्वीचा राहिला नाही, असे काहींनी म्हटलेच. अहो, 63 वर्षांचा गळा तो! आपल्या म्हाताऱ्या कीर्तनकाराला आपण एवढी सवलत देतोच की. पण गिटार? 'नोव्हेंबर रेन' या गाण्यात गळा थांबतो आणि पुढचे दुःख गिटार सांगते. ती जागा दुसऱ्या वादकाने घेतली तर सूर चुकत नाहीत. ऐकणारा मात्र जुन्या बोटांची वाट पाहत राहतो. शिक्षकबंधूंनी ते गाणे वर्गात एकदा लावावे, आणि गिटार कुठे बोलू लागते ते मुलांनाच विचारावे.