अंगण कुणाचं?

‘अंगणवाडी’ हा शब्द आता इतका सरकारी झालाय, की त्यात एक अंगण आहे हेच आपण विसरलो. अंगणवाडी म्हटलं की खिचडीचं पातेलं, वजनकाटा आणि रजिस्टर डोळ्यांपुढे येतं. खिचडी हवीच, उपाशी मूल गाणं म्हणत नाही. पण या शब्दाच्या जन्माची गोष्ट वेगळी आहे.

१९४५ मध्ये ताराबाई मोडक यांनी डहाणूजवळच्या बोर्डीला बालशिक्षणाचं काम सुरू केलं. अनुताई वाघ सोबत होत्या. बालमंदिर उघडलं, पण दलित वस्तीतली मुलं तिथं येईनात. एखाद्याने पालकांना दोष दिला असता. ताराबाईंनी बालवाडीच उचलून वस्तीच्या अंगणात नेली. पुढं १९५७ मध्ये काम कोसबाडच्या टेकडीवर, वारल्यांच्या पाड्यांत गेलं. तिथं माँटेसरीची महागडी साधनं कुठून आणणार? मग शंख-शिंपले, बिया, खडे, पानं हीच साधनं झाली. थोरली बहीण शाळेत येत नाही, कारण तिच्या कडेवर तान्हं भावंड आहे. म्हणून पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एका आवारात आली. पोरं गुरांमागे जातात, म्हणून शाळा कुरणात गेली. घराची गरज आधी पाहायची आणि शाळेनं आपला आकार बदलायचा, असा तो हिशेब होता.

मी कवी माणूस, त्यामुळे माझं लक्ष भाषेकडं जातं. आमच्या घरी दखनी. शाळेतला ‘पाऊस’ म्हणजे आपलीच ‘बारिश’ हे मला उमगेपर्यंत पावसाळा सरला, असं अम्मी सांगायची. वारली बोली तरी मराठीच्या जवळची. मेळघाटातली कोरकू तर मराठीच्या कुळातलीच नाही. ती मुंडा कुळातली. तिथल्या तीन वर्षांच्या मुलापुढं आपण थेट मराठी बडबडगीत ठेवतो आणि ते गप्प बसलं की ‘मूल बुजरं आहे’ म्हणतो. त्या पाड्यावरची आजी आठवड्यातून दोनदा येऊन तिच्या बोलीत गोष्ट सांगू लागली तर? तिला मानधन द्यावं, असं मी म्हणेन. आपण कीर्तनकाराला देतो, शायराला देतो, मग तिला का नको?

पण पाड्यानं नुसतं गोष्ट सांगायला यायचं आणि बाकी सगळं तालुक्यानं ठरवायचं, याला सहभाग म्हणता येणार नाही. सेविका कोण, वेळ कोणती, ओढ्याला पूर आला की मुलं कुठं बसतील, हे पालकांनी ठरवावं. मागण्याचा हक्कही त्यांना आहे. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २००६ मध्ये सांगितलं, की सहा वर्षांखालची किमान चाळीस मुलं असलेल्या आणि अंगणवाडी नसलेल्या वस्तीनं मागणी केली, तर तीन महिन्यांत अंगणवाडी द्यावी. आता डोंगरात एका पाड्यावर चाळीस मुलं कुठून आणायची, हे विचारू नका! अशा छोट्या वस्त्यांसाठी नियमांत मिनी अंगणवाडी होती. दीडशे लोकवस्तीलाही ती मागता येत असे. पण मागायचं असतं, हे पाड्याला सांगायला कोण गेलं? ग्रामसभेत हा विषय एखाद्या आईनं उभं राहून काढला, की अर्ज लिहायला चार शिकलेली पोरं गावात सापडतात.

एक अडचण मात्र अर्जानं सुटत नाही. जव्हार-मोखाड्याकडची अनेक कुटुंबं दिवाळीनंतर वीटभट्ट्यांवर जातात, ती पावसाच्या तोंडावर परततात. पाड्यावर नावं उरतात ती हजेरीपटात. मुलं मात्र कुठल्या तरी परक्या तालुक्यात, कच्च्या विटांच्या राशींमध्ये खेळत असतात. वसईकडे विधायक संसदेच्या कार्यकर्त्यांनी या भट्ट्यांवरच शाळा चालवल्या होत्या. त्यांचं नाव भोंगाशाळा. भोंगा म्हणजे भट्टीवरच्या मजुराची झोपडी.